कॅमेऱ्यात उरलेला शेवटचा फोटो

"सर, कम्प्युटरला भूत दिसतं का?"

हा प्रश्न मी भर वर्गात उभं राहून विचारला. मागच्या बाकावरच्या माझ्या दोन मैत्रिणी, चिमणी आणि रेडिओ, यांनी पैज लावली होती. विचारूनच दाखव, म्हणाल्या. मग काय, विचारला. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. यंदा काय झालंय कुणास ठाऊक, जीभ सुटलीय नुसती.

वर्ग फिदीफिदी हसला.

कम्प्युटरचे सर हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "अगं, ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम नसेल तर कम्प्युटरला साधा कॅमेरा दिसत नाही. भुताचं काय घेऊन बसलीस."

वर्ग पुन्हा हसला.

मी नाही हसले...

कारण आमच्याकडे नेमकं तेच चाललं होतं. कम्प्युटरला कॅमेरा दिसत नव्हता. आणि आम्हाला मात्र... थांबा, ओळीने सांगते.

आधीच सांगते, हे खरं आहे. कुठे वाचलेलं नाही, कुणाच्या मामेबहिणीच्या नणंदेकडून ऐकलेलं नाही. यात अमावास्येची रात्र नाही की ओसाड बंगला नाही. सुरुवात झाली ती एका रविवारी भर दुपारी, आमच्या घरात, जेवणाच्या वेळी. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर पुढचं पान उघडा. माझं काही म्हणणं नाही.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हटलं की लोकांना काय काय वाटतं, पण आमचा म्हणजे रस्त्यावरचं एक दुकान. पुढे काउंटर, एक स्टूल, एक पांढरा पडदा. ओळखपत्राचे फोटो, लॅमिनेशन, झेरॉक्स. मागे एक छोटी खोली, तिथे कम्प्युटर.

पुढे बाबा फोटो काढायचे. मागे काका बसायचा.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. आमच्याकडेच राहायचा. लग्नाचा विषय निघाला की हा लगेच कॅमेऱ्याची काच पुसायला घ्यायचा. गिऱ्हाइकांच्या तोंडावरचे फोड घालवणं, उडालेले केस बसवणं, झोपाळू डोळे उघडणं, हे त्याचं काम. "लोकं आपल्याकडे येतात ती माणूस म्हणून, जातात ती नट होऊन," असं म्हणायचा. मला तो भोंगा म्हणायचा. घरात भोंगा आणि शाळेत मुकी, म्हणून.

गेल्या थंडीत तो गेला.

छातीत दुखतंय म्हणाला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं सगळं.

कुणी रडलं नाही. म्हणजे रडायचं राहूनच गेलं. बाबांनी आठवड्याच्या आत दुकान उघडलं. आई कामाला लागली. मी शाळेत जायला लागले. दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, हात लावला तर आपलाच आहे का कळत नाही, तसं आमचं घर झालं होतं.

आणि त्या रविवारी...

आम्ही तिघं जमिनीवर बसून जेवत होतो. कुणी बोलत नव्हतं. चमच्यांचा तेवढा आवाज.

दाराशी कुणीतरी खाकरलं.

मग चपला. फरपट... फरपट... फरपट.

काका घरातसुद्धा चपला घालायचा आणि पाय उचलायचा नाही. आई त्याला सारखी बोलायची त्यावरून. तोच आवाज. दारातून आत, आमच्या पाठीमागून, मोरीकडे.

मी घास हातात धरून बसले.

बाबांनी मान वर केली नाही.

आणि आईने... आईने नुसता पाय आत घेतला. वाटेत पाय असला की जाणाऱ्यासाठी आपण घेतो ना, तसा. ताटही थोडं अलीकडे ओढलं.

मोरीतून शीळ ऐकू आली. दोन सूर. हात धुताना तो घालायचा ती. मग फ्रीजवर किल्ल्यांचा जुडगा ठेवल्याचा आवाज.

फ्रीजवर काही नव्हतं.

"भात वाढू?" आईने विचारलं.

"अर्धा," बाबा म्हणाले.

बस. एवढंच. मग ते रोजचंच झालं. खाकरणं, चपला, शीळ, किल्ल्या. याच क्रमाने, जेवणाच्या वेळी. शाळा असली की मी नसायचे, पण सुट्टीच्या दिवशी हमखास. आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. मला भीती वाटायची का, असं तुम्ही विचाराल. खरं सांगू, नाही वाटायची. वाटायला हवी होती असं फक्त वाटायचं.

एक दिवस आई भांडी पुसता पुसता म्हणाली, "भाऊजींचा चेहरा बघावासा वाटतोय. फोटोवाल्याचं घर, आणि त्यांचा एक फोटो असू नये?"

खरंच नव्हता. सगळ्यांचे फोटो काढणारा माणूस कुठल्याच फोटोत नसतो. मोबाईलमध्येही नाही. कुणी मोबाईल वर केला की तो तोंडापुढे हात धरायचा.

मग मला आठवलं. त्याचा पहिलावहिला डिजिटल कॅमेरा. साबणाच्या वडीएवढा, चंदेरी. मी लहान असताना तो मला खेळायला द्यायचा आणि मी दिसेल त्याचे फोटो काढायचे. कपाटावरच्या पिशवीत सापडला. बॅटरी चार्ज केली, तर चक्क सुरू झाला. पाठीमागचा स्क्रीन काडेपेटीएवढा आणि मधोमध तडा. पण दिसलं.

चार फोटो होते काकाचे.

एकात तो पाठमोरा जिना चढतोय. एकात मोरीपाशी, अर्धा चौकटीबाहेर. एकात खुर्चीत झोपलाय, तोंड उघडं, हातात किल्ल्या लोंबतायत. आणि शेवटचा समोरून. सरळ माझ्याकडे बघतोय. चेहरा एवढासा, तड्याच्या मागे, पण तोच.

आईने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. "मोठा करून दे," म्हणाली. "कागदावर. नीट."

यात काय मोठंसं, म्हणाल तुम्ही. मलाही वाटलं होतं.

पण त्या कॅमेऱ्याचं कार्ड वेगळ्याच आकाराचं निघालं. दुकानातल्या एकाही कार्ड रीडरमध्ये बसेना. "ही कार्डं यायची बंद होऊन जमाना झाला," बाबा म्हणाले. केबलचं तोंडही विचित्र, चपटं. काकाच्या वायरींच्या डब्यात ती केबल मिळाली. गुंता सोडवताना मला जन्माला आल्याचा पश्चात्ताप झाला. रविवारी सकाळी बाबांनी काकानंतर दुकानात घेतलेला नवा कम्प्युटर, आईलाही बघता यावं म्हणून, घरी आणला आणि आम्ही कॅमेरा जोडला.

टुडुंग.

स्क्रीनवर आलं, "हे उपकरण ओळखता आलं नाही."

आणि दाराशी... कुणीतरी खाकरलं.

जेवणाची वेळ नव्हती. पोळ्यासुद्धा व्हायच्या होत्या.

बाबांनी केबल काढली. पुन्हा लावली.

टुडुंग. ओळखता आलं नाही.

पुन्हा खाकरणं. हाक मारल्यावर माणूस ओ देतो, तसं.

तिसऱ्यांदा बाबांनी केबल लावली नाही. गुंडाळून ठेवली. म्हणाले, "याचं आणि त्याचं जमत नाही. राहू दे."

दुसऱ्या दिवशी शाळेत ती पैज झाली. तास संपल्यावर मी सरांना गाठलं आणि काकाचा कॅमेरा कम्प्युटरला दिसत नाही म्हणून सांगितलं. "कुठला कॅमेरा?" मी सांगितलं. सर हसले. "त्याचा ड्रायव्हर नव्या कम्प्युटरवर चालायचा नाही गं. जुनी सिस्टिम लागेल. तुमच्याकडे काकांचा जुना कम्प्युटर असेल ना? कॅमेरा म्हातारा झाला की त्याला त्याच्या वयाचाच कम्प्युटर लागतो. तरुणांशी त्याचं पटत नाही."

जुना कम्प्युटर होता. स्टुडिओच्या मागच्या खोलीत, काकाच्या टेबलावर, प्लॅस्टिकच्या कव्हराखाली. कुणी हात लावला नव्हता.

मी शाळेतून थेट दुकानात गेले. कव्हर काढलं. बटण दाबलं. आतला पंखा घरघरला, विमान उडतंय असा. बाबा पुढे गिऱ्हाईक बसवत होते. "हनुवटी खाली... अजून थोडी... हसू नका."

कॅमेरा जोडला.

टुडुंग. आणि लगेच काकाचं फोटो घ्यायचं सॉफ्टवेअर आपोआप उघडलं. ओळखलं होतं त्याने.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या दुकानात फोटो कॉपी करत नाहीत. कट करतात. म्हणजे फोटो कम्प्युटरवर आला की कार्डावरून जातो. मागे एकदा दोन गिऱ्हाइकांचे फोटो अदलाबदल झाले होते आणि एक बाई काउंटरवर चढायची बाकी राहिली होती. तेव्हापासून काकाने सेटिंगच तसं करून ठेवलं. गिऱ्हाईक गेलं की कार्ड कोरं. बाबांना त्याची इतकी सवय, की फोटो घ्यायची दुसरी पद्धत असते हे आमच्या डोक्यातच नसतं.

पहिला फोटो आला. पाठमोरा, जिना चढताना. एक फोटो आला आणि कॅमेऱ्याची बॅटरी बसली. म्हातारी बॅटरी, एका फोटोतच धाप लागली तिला. चार्ज व्हायला रात्र जायची.

मी तरी नाचले. पुढच्या गिऱ्हाइकाने पडद्याआडून मान वाकडी करून बघितलं.

प्रिंट काढून घरी आणली. आईने हातात घेतली. बघितली. "छान आलाय," म्हणाली आणि फ्रीजवर ठेवून दिली.

मीही बघितला. एकदम स्पष्ट. शर्टाच्या पाठीवरची घडीसुद्धा दिसत होती.

मला काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. जेवायला बसलो. दाराशी खाकरणं झालं. आईने पाय आत घेतला.

आणि...

चपला वाजल्याच नाहीत.

एकदम मोरीतून शीळ आली. मग किल्ल्या. मधलं चालणं गायब.

आई तशीच बसून राहिली, पाय आखडून. मग म्हणाली, "आज भाऊजी गेले नाहीत इथून."

बाबांचा हात ताटातच थांबला. त्या आवाजांबद्दल आमच्या घरात बोललं गेलेलं हे पहिलं वाक्य.

"जेव," बाबा म्हणाले.

मला तेव्हा लक्षात आलं नाही. मी आपली माझ्याच तंद्रीत. त्याच संध्याकाळी मोरीपाशी उभा असलेला दुसरा फोटो घेतला. पुन्हा बॅटरी बसली. पुन्हा प्रिंट.

मधल्या सुट्टीत मी चिमणीला आणि रेडिओला सगळं सांगत होते. रेडिओला विश्वास बसेना.

"कशी शीळ? घालून दाखव," ती म्हणाली.

मी ओठ गोल केले.

काही आलं नाही.

दोनच तर सूर. लहानपणापासून ऐकलेले. मला ते आठवेनात. जिभेवर असलेला शब्द निसटतो तसं नाही. जिभेवर काही नव्हतंच. मी तशीच तोंडाचा चंबू करून उभी.

"फेकू," रेडिओ म्हणाली.

चिमणी जवळ आली. तिने माझा हात धरला.

रविवारी मोरीतून शीळ आली नाही. फक्त खाकरणं आणि किल्ल्या.

आता तुम्ही म्हणाल, इथे तरी थांबायचं. पण आईला चेहऱ्याचा फोटो हवा होता आणि ते सॉफ्टवेअर ओळीनेच फोटो घ्यायचं. चेहरा शेवटी होता. शिवाय मला वाटलं, असेल योगायोग. तिसरा फोटो बाबांनी स्वतः घेतला. खुर्चीत झोपलेला, हातात किल्ल्या. मी शेजारी उभी होते.

प्रिंट काढून फोटो घरी आणला. बाबांनी तो बघितला. जवळ आणला, लांब केला.

"शार्प आहे," म्हणाले. मग फोटो खाली ठेवून माझ्याकडे वळले.

"कुणाचं काम आहे हे?"

मला वाटलं गंमत करतायत. बाबा कधीतरी करतात अशी, चेहरा सरळ ठेवून.

ते गंमत करत नव्हते.

"बाबा," मी म्हटलं, "काका आहे."

त्यांनी पुन्हा फोटोकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. "हो, हो. धाकटाच की," म्हणाले. पण कसं म्हणाले सांगू? गिऱ्हाईक नाव सांगतं आणि आपण पावतीवर ते लिहितो, तसं.

मग मात्र माझं डोकं चाललं. मी कॅमेरा चार्ज करून उघडला. आत एकच फोटो उरलेला, समोरचा. बाकीचे कट झालेले.

मी म्हटलं, परत टाकू. कम्प्युटरवरचे तिन्ही फोटो कार्डावर कॉपी केले. कॅमेरा सुरू केला. तीन काळ्या चौकटी, आणि प्रत्येकीत लिहिलेलं, "हा फोटो दाखवता येत नाही."

सरांना विचारलं. ते म्हणाले, "असंच असतं. कॅमेरा त्याने स्वतः काढलेलाच फोटो ओळखतो. एकदा बाहेर जाऊन आला, की त्याला तो परका."

म्हणजे परतीचा रस्ता नव्हता.

घरात आता किल्ल्याही वाजत नव्हत्या. फक्त खाकरणं उरलं होतं.

त्यानंतर शेजारच्या घड्याळवाल्या आजोबांनी मला हटकलं. त्यांचं दुकान आमच्या स्टुडिओच्या भिंतीला भिंत लावून आहे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतात. त्यांच्या दुकानात इतकी शांतता असते की आपला श्वास आपल्याला ऐकू येतो.

"पोरी," ते म्हणाले, "दुपारी बाबा जेवायला घरी जातात ना?"

"हो. शटर लावून जातात."

"मग आत कोण असतं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

"चपला घासत फिरतं कुणीतरी," आजोबा म्हणाले. "शीळ घालतं. परवापासून किल्ल्या पण वाजतात. मला वाटलं, नवा माणूस ठेवला की काय. त्याला सांगा जरा पाय उचलून चालायला. माझ्या टेबलावरचे स्क्रू थरथरतात."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाने निघाले. बाबांना घेऊन दुपारच्या बंद दुकानात गेले. शटर अर्धं वर केलं. आम्ही वाकून आत शिरलो.

आतून...

फरपट. फरपट.

मग ते दोन सूर.

आणि मला सगळं आठवलं. एकदम. शीळ आठवली, त्याच्या शर्टाचा वास आठवला, तो भोंगा म्हणताना ‘भों’ किती लांबवायचा ते आठवलं. दाताचं इंजेक्शन उतरतं तेव्हा कशी कळ येते, तसं.

बाबा मागच्या खोलीच्या पडद्याशी उभे होते. अगदी सहज, रोज विचारतात तसं म्हणाले, "धाकट्या, चहा झाला का तुझा?"

चपला थांबल्या.

उत्तर आलं नाही. खाकरणंसुद्धा नाही. इथे त्याच्याकडे खाकरणं नव्हतं. ते घरी होतं.

आम्ही बराच वेळ तिथे होतो. मग बाहेर आलो, शटर ओढलं, रस्त्याला लागलो. कोपऱ्यावर पोचेपर्यंत बाबांचा चेहरा पुन्हा तसाच झाला. कोरा.

"काय म्हणत होतो मी?" त्यांनी मला विचारलं.

मलाही सांगताना अडखळायला झालं.

मग कळलं मला. पुसलं काहीच गेलं नव्हतं. हललं होतं. जेवढे फोटो कम्प्युटरवर गेले, तेवढा काका घरातून उठून दुकानात गेला. आणि जाताना आमच्या मनातलाही तेवढा घेऊन गेला. एक फोटो कॅमेऱ्यात आहे, तो कॅमेरा घरी आहे, म्हणून एक खाकरणं घरी आहे. तेवढ्यापुरतं आम्हाला घरीही आठवतं की असा कुणी होता.

का, ते मला विचारू नका. सरांनाही विचारलं नाही. काही प्रश्न पैजेवरसुद्धा विचारत नाही मी.

आता सगळ्यात वाईट भाग सांगते.

पुढच्या रविवारी जेवणाच्या वेळी काका दाराशी खाकरला. आम्ही थांबलो. मग पुन्हा खाकरला.

पुन्हा...

पुन्हा...

आधी एकदाच खाकरायचा आणि आत यायचा. आता आत येता येत नव्हतं. चालायला पाय नव्हते. पाय तिकडे होते.

"या ना भाऊजी," आई म्हणाली. "या आत."



मग पुन्हा, त्याच जागेवरून. दमलेलं. परक्याच्या दारात उभा राहिलेला माणूस संकोचून खाकरतो ना, तसं.

दुपारभर चाललं होतं ते. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तरी चालूच. शेवटी आईने कानांवर हात ठेवले. रडली नाही. ताटं तशीच होती. भात वाळून गेला होता.

"त्यांचे हाल करतोय आपण," आई म्हणाली.

बाबा दाराकडे बघत होते. म्हणाले, "आणि शेवटचा फोटो घेतला, तर इथे काही राहणार नाही. काय राहिलं नाही ते कळणारही नाही आपल्याला."

दोघांचंही खरं होतं. मी दोघांच्या मध्ये बसले होते आणि माझ्या मांडीवर कॅमेरा होता.

हे सगळं मी आमच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून लिहितेय. एकदा घरी लिहायला घेतलं होतं. अर्धं पान झालं आणि माझं मलाच कळेना, हे कशाबद्दल चाललंय. इथे हात चालतो. माझं दप्तर, गणवेश, एक गादी, सगळं इथेच आहे. शाळा इथून जवळच पडते. चिमणी सकाळी मला न्यायला येते. रेडिओ अजून आत आली नाही, बाहेरूनच हाक मारते. आई रोज डबा घेऊन येते.

आज मात्र तिला उशीर झालाय. काल बाबाही लवकर शटर उघडायचं विसरले होते. मला आतून ठोठावावं लागलं. उघडल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. एक क्षणच. मग म्हणाले, "अगं, तू." होतं असं. कामाचा व्याप आहे.

माझ्या मागे आत्ता... नको, वळून बघत नाही. पाय उचलून चाल म्हणून सांगितलं की ऐकतो तो थोडा वेळ.

त्या संध्याकाळचं सांगते आणि थांबते.

आम्ही तिघं इथे आलो होतो. गिऱ्हाइकं संपली होती. रस्त्यावरचे दिवे नुकते लागले होते. मी कॅमेरा जोडला. टुडुंग. सॉफ्टवेअर उघडलं. काडेपेटीएवढ्या स्क्रीनवर काका माझ्याकडे बघत होता. घेऊ का, असं सॉफ्टवेअर विचारत होतं. बाबांचा हात माउसवर होता आणि दाबत नव्हता. आई पडद्याला धरून उभी होती. इथे तिला सगळं आठवत होतं, त्यामुळे तिचे डोळे भरले होते, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा.

"घरी गेल्यावर हे असं नाही राहणार ना?" तिने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले.

"मग आपल्याला इथे परत यायचंय हे तरी कसं आठवेल?"

आमच्या मागे चपला टेबलापर्यंत आल्या आणि थांबल्या.

मी बाबांचा हात माउसवरून उचलला. माझा ठेवला.

"फोटो मी घेतेय," मी म्हटलं. "त्याला दारात ताटकळत ठेवायचं नाही. आणि आपल्यापैकी एकाला तरी तो आठवायला हवा. तुम्ही दोघं घरी जा. मी येत नाहीये. आज नाही आणि उद्याही नाही. आई, बाबा, मी आजपासून इथेच राहणार."